वाहनाच्या पत्र्याची दुरुस्ती व फवारा रंगकाम

वाहनाच्या पत्र्याची दुरुस्ती व फवारा रंगकाम म्हणजे मोटारीच्या बाह्य पत्र्यावरील पोचे काढून, गंज घालवून व पृष्ठभाग सपाट करून त्यावर फवाऱ्याने रंगाचे थर देण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये या कामाला 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतात. मडगार्ड, दरवाजा, बॉनेट अशा एखाद्या भागाचे काम घरीही करता येते. मात्र रंग किती टिकेल, हे वरच्या चकाकीपेक्षा खालच्या तयारीवर व हवामानावर अधिक अवलंबून असते.

इतिहास

मोटारयुगाच्या आरंभी गाड्यांना ब्रशने तेलरंग व वार्निश लावत. सर्व थर सुकण्यास अनेक दिवस लागत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारित, झटपट सुकणारा 'ड्युको' हा रंग बाजारात आणला आणि फवारा रंगकाम रूढ झाले. हे व्यापारी नाव भारतीय रंगारी आजही सामान्य नाम म्हणून वापरतात.

पत्र्याची तयारी

चेपलेल्या पत्र्याच्या एका बाजूस लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हातोडीने हलके ठोके देत पत्रा मूळ आकारात आणतात. जोराचे ठोके दिल्यास पत्रा ताणला जाऊन फुगतो. त्यानंतर जुना रंग व गंज घासून उघडा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करतात. थोडा जरी गंज राहिला, तरी तो रंगाखाली पसरत जातो व काही महिन्यांत रंगाला फोड येतात.

उरलेला खोलगटपणा पुट्टीने भरतात. तिचा थर शक्यतो ३ मिलिमीटरहून जाड नसावा. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासतात. आकार देण्यासाठी ८० क्रमांकाचा पॉलिश पेपर वापरून पुढे क्रमाने बारीक पेपर घेतात. त्यावर प्रायमर मारून, तो सुकल्यावर ४०० वा त्याहून बारीक पेपरने घासतात.

रंगाचे थर

स्प्रे गन पृष्ठभागापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, पत्र्याला समांतर ठेवून फिरवतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येतो. एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर देतात, अन्यथा रंग ओघळतो. धातूची झाक असलेल्या रंगावर शेवटी पारदर्शक लॅकरचा थर आवश्यक असतो.

हवामानाचा परिणाम

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्य (घोषणा १९७०) हा २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगलातील कच्च्या वाटांवर उडणारे खडे व घासणाऱ्या फांद्या यांमुळे सफारीच्या गाड्यांचा रंग खरवडला जातो. पावसाळ्यात सफारी बंद असल्याने दुरुस्तीला सवड तेव्हाच मिळते. पण रंगकामास तोच काळ सर्वांत प्रतिकूल असतो. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंग पांढरट पडतो. उघडा पत्राही लवकर गंजतो. यावर सावकाश उडणारे थिनर हा अंशतः उपाय आहे. उलट मे महिन्याच्या उन्हात रंग पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकून पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून पावसाळ्यात पत्रा ठोकून, साफ करून त्यावर कोरड्या दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून ठेवणे आणि अंतिम रंग दव ओसरल्यानंतर हिवाळ्यातील दुपारी देणे श्रेयस्कर ठरते.

सुरक्षितता

दोन घटकांच्या पीयू रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट संयुगे असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा संवेदनशीलता निर्माण झाली की पुढे अत्यल्प मात्राही घातक ठरते. नाकावर बांधलेला रुमाल त्यापासून संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसल्यास पीयू रंगाचे काम सुसज्ज गॅरेजकडे सोपवावे. थिनर ज्वलनशील असल्याने चूल, विडी व विजेच्या ठिणग्या दूर ठेवाव्यात. पानगळीच्या जंगलालगत उन्हाळ्यात ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. उरलेले थिनर नाल्यात ओतू नये.

कायदेशीर बाजू

गाडीचा मूळ रंग बदलल्यास त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. त्यामुळे जंगलात शोभून दिसतो म्हणून तो खासगी गाडीस देता येत नाही.