काडाचे फलक आणि कडाक्याचे हवामान

मळणीनंतर उरणारे गव्हाचे काड भिंतीसाठी उपयोगी पडते, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे: काडी आतून पोकळ असते, त्या पोकळीत आणि काड्यांमधल्या फटींत हवा कोंडून राहते, आणि अशी स्थिर हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. या काडाचा कारखान्यात फलक बनवण्याची पद्धत १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये थिओडोर डीडेन यांनी शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टॉर्स्टन मोसेसन यांनी ब्रिटनमध्ये ‘स्ट्रॅमिट’ या नावाने ती व्यवसायात आणली.

या पद्धतीची खरी करामत अशी, की फलकाच्या गाभ्यात कोणतेही चिकटद्रव्य घालावे लागत नाही. स्वच्छ केलेले कोरडे काड मागेपुढे चालणारा दट्ट्या तापलेल्या लांबट साच्यात ठासतो; सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानात आणि दाबाखाली काडातील लिग्निन, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तींना ताठपणा देणारे द्रव्य, मऊ पडते, काड्या एकमेकींत घट्ट बसतात आणि साच्यातून सलग पट्टा बाहेर येतो, ज्याच्या दोन्ही अंगांना जाड कागद चिकटवून हव्या त्या लांबीचे फलक कापले जातात. साधारण पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा हा फलक ताठ असतो, आवाज अडवतो, आणि ठासलेल्या काडात आगीला पुरेशी हवा न मिळाल्याने तो वरून कोळसत जातो, चटकन पेट घेत नाही.

परंतु कडाक्याच्या थंडीत एवढ्याने भागत नाही, आणि हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. काड जितके दाबावे तितकी त्यातील हवा घटते, त्यामुळे दाट फलकाची उष्णतावाहकता सैल गठ्ठ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. अंदाजाने, ५८ मिलिमीटरच्या दाट फलकातून आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरला सुमारे १.७ वॉट उष्णता निसटते. लाकडी चौकटीत ४०० मिलिमीटर जाडीचे, कमी दाबलेले काड भरल्यास हीच गळती सुमारे ०.१४ वॉटवर येते. लिथुआनियातील ‘इकोकोकॉन’ आणि ब्रिटनमधील ‘मॉडसेल’ या कंपन्यांनी चौकटीच्या फलकांचा हा दुसरा मार्ग धरला आहे. भार पेलण्याचे काम लाकडाकडे आणि ऊब राखण्याचे काम काडाकडे सोपवणारी ही विभागणी थंड प्रदेशांसाठी अधिक समंजस म्हणावी लागेल.

या फलकांचा खरा शत्रू मात्र ओलावा आहे. हिवाळ्यात घरातील उबदार, दमट हवा भिंतीतून बाहेर झिरपू लागली की थंड थरात तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि काडाला बुरशी धरते; म्हणून आतली बाजू हवाबंद ठेवून बाहेरची बाजू बाष्प सोडणाऱ्या थराने मढवतात. उष्ण, दमट प्रदेशात वातानुकूलित खोली असेल तर बाष्पाचा प्रवास उलट दिशेने होतो, त्यामुळे उत्तर युरोपातील भिंतीचा आराखडा कोकणात जसाच्या तसा उचलता येणार नाही.

महाराष्ट्रात कच्चा माल निराळा आहे. उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते, त्यामुळे ते फुकट पडून असते असे मानता येत नाही. विदर्भातील पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या काटक्या, मात्र चुलीत किंवा शेतातच जाळल्या जातात. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांच्यापासून भुशाचे दाबीव फलक बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे, परंतु त्या टणक काटक्यांचा भुसा करून त्यात कृत्रिम राळ मिसळावी लागते, आणि दाट असल्यामुळे तो फलक उष्णता रोखण्यापेक्षा फर्निचर व आतील दुभाजक भिंती यांनाच अधिक शोभतो.