पडलेल्या पुलाचे धडधाकट गर्डर

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात दक्षिणेकडून शिरणारी रेल्वे टे नदीच्या रुंद मुखावरून सुमारे सव्वातीन किलोमीटर धावते. पूल 1887 सालचा. शेजारी, पाण्याबाहेर जेमतेम डोके काढलेल्या बुंध्यांची एक रांग दिसते. ते आधीच्या पुलाच्या खांबांचे अवशेष. त्या पुलाचे आणखी काही उरले आहे, पण प्रवाशांना ते दिसत नाही. पडलेल्या पुलाचे शाबूत गर्डर नव्या पुलात बसवले गेले आणि आजही ते गाड्यांचा भार वाहतात.

पहिला पूल 1878 मध्ये खुला झाला. अभियंते थॉमस बाउच यांना त्यासाठी ‘सर’ किताब मिळाला. 28 डिसेंबर 1879च्या रात्री वादळात मधले तेरा उंच गाळे गाडीसकट नदीत गेले. गाडीतले कुणीही वाचले नाही. पुढच्याच वर्षी बाउचही वारले.

चौकशीत दोष निघाला तो खांबांत. ते बिडाचे होते. बीड दाब चांगला सोसते, पण ताणाला तडकते. खांबांना आवळून धरणाऱ्या तिरप्या पट्ट्या खांबांवरच्या ज्या कानांत अडकवल्या होत्या, तेही बिडाचेच. वाऱ्याच्या जोराचा हिशेब आराखड्यात नीट धरला नव्हता. ओतकामात राहिलेली भोके मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लगद्याने बुजवल्याचेही साक्षीत पुढे आले. आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींवर चौकशीने ठपका ठेवला.

विल्यम बार्लो यांनी नवा पूल आखला आणि विल्यम अ‍ॅरोल यांच्या कंपनीने तो बांधला. एवढी बदनामी झाल्यावर जुने सारे भंगारात घालणे सोपे होते. त्यांनी निवड केली. खांब बाद, कारण दोष तिथे होता. न पडलेल्या गाळ्यांचे गर्डर घडीव लोखंडाचे होते. त्यांतले जे शाबूत ठरले, ते साठ फूट सरकवून नव्या, भक्कम खांबांवर चढवले. नदीत गेलेले इंजिनही वर काढून दुरुस्त झाले आणि 1919 पर्यंत धावले. रेल्वेवाल्यांनी त्याचे नाव ठेवले ‘पाणबुड्या’.

अर्थात, एकदा वाचवलेला पूल आपोआप टिकत नाही. 2003 मध्ये दोन कोटी पौंडांहून अधिक खर्चून त्याची डागडुजी पूर्ण झाली. कामगारांनी पक्ष्यांची हजार टनांहून अधिक विष्ठा हातांनी खरवडून पोत्यांत भरली. ती हटल्याशिवाय खालचा गंज दिसणार कसा? मग खालून भरतीचे पाणी आणि अंगावर बोचरा वारा असताना लाखो रिव्हेट काढून बदलले. नवे पोलाद घडवायला लागणारा कोळसा आणि खाणीतून निघणारे खनिज यांच्या तुलनेत हे काम स्वस्तच. पर्यावरणाचे रक्षण म्हणतात ते बरेचदा असे, घाणीत हात घालूनच होते.

आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना, ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसही त्यात गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, ते कौतुकाचेच. पण तेव्हापासून ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्दच जणू दोषाचा दाखला झाला आहे. टे नदीवरचा पहिला पूल पडला, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. दुसऱ्याने सव्वाशे वर्षे केव्हाच ओलांडली. पूल वयाने पडत नाही. दोष जिथे असतो तिथे कुणी पाहत नाही, म्हणून पडतो. पुरात बहुधा पायाखालची माती खरवडली जाते, आणि ती रस्त्यावर उभे राहून दिसत नाही.

म्हणून आपल्या गावच्या जुन्या पुलाचे वय विचारण्याआधी पाण्याखालचा पाया शेवटचा कधी तपासला, तो अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. पूल पाडायचा की वापरायचा, हे त्या कागदावरून ठरले पाहिजे.