ट्रेकला चाललाय? आधी मोजे वर ओढा!

जंगलात जाताना साप-विंचवाची धास्ती सगळ्यांनाच असते. तिळाएवढ्या गोचिडीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरीत याच गोचिडीने पसरवलेल्या माकडतापाने माणसं दगावली आहेत. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा सापडला.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. पालापाचोळ्यात किंवा गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याला चिकटते. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ. काजूचा हंगामही तेव्हाच! म्हणजे ट्रेकरच नाही, सुट्टीत गावी बागेत राबणारी मुलंही तिच्या तावडीत सापडतात.

मग करायचं काय?

- फुल पँट घाला, ती मोज्यांत खोचा. फिक्या कपड्यांवर गोचीड पटकन दिसते.
- पाचोळ्यावर थेट बसू नका.
- परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा. काखा, कानांमागे, गुडघ्यांमागे नीट बघा.
- चिकटलीच तर रॉकेल, काडेपेटी नको. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका.
- मेलेलं माकड दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

आठ-दहा दिवसांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. माकडतापावर खास औषध नाही, पण वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. त्यामुळे डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : ‘मी जंगलात जाऊन आलोय.’