शेळ्यांनी खाल्लेली करवंदाची जाळी पुन्हा कशी फुटते?

एप्रिल-मे महिन्यात पानांच्या द्रोणातली काळीभोर करवंदं आपण आवडीनं घेतो. पण ज्या जाळीवर ती लागतात, तिचं वर्षभर काय होतं हे मुलांना क्वचितच माहीत असतं. सह्याद्रीच्या उतारांवर गुरं आणि शेळ्या चरतात. करवंदीला टणक काटे आहेत, पान तोडलं की पांढरा चीक निघतो. तरीसुद्धा कोवळ्या शेंड्यावरचे काटे मऊ असतात, आणि शेळी नेमका तोच खुडते.

शेंडा गेला की झुडूप मरत नाही. त्याचं कारण सोपं आहे. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खालच्या कळ्यांना रोखून धरतं. शेंडा तुटला की हा अटकाव सुटतो आणि पानांच्या बेचक्यातल्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात. करवंदीची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. म्हणून एका फांदीच्या जागी बऱ्याचदा दोन फांद्या फुटतात. शेतकरी तुरीचे शेंडे खुडतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मग चराईनं फायदाच होतो का? नाही! इथेच मुलं (आणि आपणही) फसतो. नवी फूट यायला लागणारं अन्न मुळांतल्या आणि खोडातल्या साठ्यातून येतं. पावसाळ्यात पानं वाढली की हा साठा पुन्हा भरतो. पण भरण्याआधीच फूट परत खाल्ली गेली तर झुडूप उसनवारीवर जगल्यासारखं होतं. ते बुटकं, गच्च, उशीसारखं दिसू लागतं.

दुसरी गोष्ट फळांची. करवंदीच्या फुलांचे झुपके मुख्यतः फांद्यांच्या टोकाला येतात. टोकच खाल्लं तर फूल नाही, आणि फूल नाही तर करवंद नाही. म्हणजे जाळी हिरवीगार दिसते, पण टोपली रिकामी राहते. करवंदं विकून चार पैसे मिळवणाऱ्या बायाबापड्यांचा हंगाम असा गुपचूप बुडतो. पक्ष्यांचा खाऊ जातो तो वेगळाच.

उपाय म्हणजे विश्रांती. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी पाळून डोंगर हिरवे केले. सगळीकडे पूर्ण बंदी शक्य नसते, कारण शेळीवरही कुणाचं तरी घर चालतं. पण डोंगराचा एकेक भाग आळीपाळीनं राखता येतो.

मुलांसाठी उपक्रम : शेळ्यांच्या वाटेवरची एक जाळी आणि कड्याजवळची, शेळ्या न पोहोचणारी एक जाळी निवडा. प्रत्येकी पाच फांद्यांना रंगीत दोरा बांधा. दर महिन्याला लांबी, नवे फुटवे आणि पुढे फुलं-फळं मोजून वहीत लिहा. काटे जपून! वर्षअखेरीस मुलांना एकच प्रश्न विचारा : हिरवी झालेली जाळी खरंच बरी झाली का?