आवाज थांबल्यानंतर

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, एका शरीरात दोन माणसे, अशी समजूत अजूनही आढळते. तिचा दोष काहीसा नावाकडे जातो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते बनवले. त्यांना म्हणायचे होते ते विचार, भावना आणि वर्तन यांचा मेळ सुटणे. (जपानने २००२ साली आपल्या भाषेतले अशाच अर्थाचे नाव बदलून टाकले. आपली 'छिन्नमनस्कता' मात्र टिकून आहे.)

दुसरी समजूत अधिक नुकसान करते. एकटाच बडबडणारा, कुणीतरी मागावर आहे म्हणणारा माणूस म्हणजेच हा आजार, असे आपण धरून चालतो. वास्तविक ते आजाराच्या एका टप्प्याचे चित्र आहे.

समजा, अकरावीतला एक मुलगा आहे. दहावीपर्यंत बरा होता. आता मागच्या बाकावर बसतो, मित्रांत मिसळत नाही, गुण घसरले आहेत, रात्री झोप नाही, अंघोळीचा कंटाळा. कधीतरी म्हणतो, ''सगळे माझ्याकडे बघून हसतात.'' यात नैराश्य असू शकेल, व्यसन असू शकेल, घरची भांडणे असू शकतील. असे वागणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे स्किझोफ्रेनिया होत नाही. तेव्हा शिक्षकांनी निदान करायला जाऊ नये. पण ज्यांना तो होतो, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात अशीच, काही महिने ते काही वर्षे चाललेली असते. मुलांमध्ये आजार बहुधा विशीच्या आसपास उघड होतो, मुलींमध्ये सरासरीने थोडा उशिरा. पूर्वीचा मुलगा आणि आजचा मुलगा यांतला फरक वर्गात रोज पाहणाऱ्यालाच दिसतो, डॉक्टरांना तो दिसणे शक्यच नसते. तो पालकांच्या कानावर घातला, तर उपचार लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि उपचारांना जितका उशीर तितकी सुधारणा कमी, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

दुसरा टप्पा सर्वांना ओळखू येतो. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, खोट्या समजुती पक्क्या होतात, बोलणे असंबद्ध होते. यांना 'धन' लक्षणे म्हणतात. गणिताच्या शिक्षकांना हे नाव लगेच कळेल : धन म्हणजे चांगले नव्हे, नसलेल्या गोष्टीची भर पडली एवढेच. मेंदूच्या काही भागांत डोपामिन या रसायनाचे कार्य वाढल्याचा या लक्षणांशी संबंध आहे. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला. तेव्हापासूनची बहुतेक औषधे डोपामिनचा परिणाम रोखतात आणि बऱ्याच रुग्णांचे आवाज काही आठवड्यांत क्षीण होतात.

घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि इथेच खरा घोटाळा होतो. आवाज थांबले तरी मुलगा खाटेवर पडून असतो. बोलायला विषय नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत, कशात उत्साह नाही. हा आळशीपणा नव्हे. ही 'ऋण' लक्षणे आहेत, जे होते त्यातून वजा झालेले. अनेकदा ती आधीपासूनच असतात, गदारोळात दिसत नाहीत इतकेच. प्रचलित औषधांचा त्यांच्यावर फारसा उपयोग होत नाही. मात्र हा मंदपणा कधी औषधाच्या मात्रेमुळे असतो, कधी नैराश्यामुळे, आणि या दोन्हींवर उपाय आहेत. सुरुवातीच्या वर्षांत आत्महत्येचा धोका अधिक असतो, म्हणून 'आता बरा झाला' असे म्हणून डॉक्टरांकडे जाणे सोडू नये. औषध आपल्या मनाने बंद केले, तर आवाज परत येण्याची भीती मोठी.

मग पुढे काय? जर्मन तज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १८९०च्या दशकात या आजाराचे वर्णन अकाली येणारा बुद्धिभ्रंश असे केले होते. त्यांच्या मते बहुतेकांची वाट उताराचीच. आम्हां संशोधकांना यात एक ओळखीची चूक दिसते. रुग्णालयात जे वर्षानुवर्षे राहतात तेच डोळ्यांसमोर असतात, बरे होऊन घरी गेलेले मोजले जात नाहीत. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, पूर्वी दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्यांचा सुमारे तीन दशकांनी शोध घेतला गेला. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : निम्म्याहून अधिक जण बरे झाले होते किंवा खूप सुधारले होते. चेन्नईतही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रथमच आजारी पडलेल्या ९० रुग्णांचा मागोवा पुढे कित्येक वर्षे घेतला गेला. तिथेही वर्षे गेली तसे भास-भ्रम ओसरत गेलेले दिसले. सगळेच बरे होतात असे मात्र नाही. काहींना झटके पुन्हा पुन्हा येतात, काहींची लक्षणे कायम राहतात.

लक्ष आणि स्मरण यांतली उणीव सहसा पहिल्या झटक्यापर्यंतच आलेली असते, नंतर ती बहुधा तशीच राहते, झपाट्याने वाढत नाही. आजारानंतर वर्गात परतलेल्या मुलाला चार सूचना एका दमात तोंडी दिल्या, तर तिसरीपर्यंत पहिली निसटलेली असते. त्याच फळ्यावर लिहून दिल्या, की त्याला जमते.