तांडेलासकट बोट

वाकोल्यात समुद्र नाही. नाला आहे, हायवे आहे, डोक्यावरून जाणारी विमानं आहेत. खाऱ्या पाण्याशी संबंध असलाच तर मासळी बाजारापुरता. तरीही शेजारच्या इमारतीतल्या काकांच्या माळ्यावर 31 फुटी बोटीचा निम्मा संसार होता. मेनसेल म्हणजे मुख्य शीड, जेनोआ म्हणजे पुढचं मोठं शीड, वादळात लावायचं छोटं नारिंगी शीड, दोर, कप्प्या आणि कापडात गुंडाळलेला सेक्स्टंट. हे सगळं पूर्वी पलंगाखाली असायचं. 26 जुलै 2005 ला कलिना-वाकोला पाण्याखाली गेलं, तेव्हापासून ते माळ्यावर चढलं. बोट मात्र गेटवेसमोरच्या पाण्यात, बोयाला बांधलेली. काका मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. आता गुडघे ऐकत नाहीत, मुलगा परदेशात. बोट विकायची ठरली. दिवाळीनंतर सुरू होऊन मेपर्यंत चाललेल्या या व्यवहारात मी त्यांच्याबरोबर हिंडलो.

विक्रीची सुरुवात गच्चीवर झाली. शिडं उलगडून पसरली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बोलावलं. गिऱ्हाईक जाणतं होतं. त्याने कापडाकडे पाहिलंच नाही, शिवणीवर नख ओढलं. डॅक्रॉनचं शीड उन्हाने मरतं, पण कापडाआधी मरतो तो त्यावरचा दोरा. नखाने दोरा तुटला तर सगळी शिवण नव्याने घालावी लागते. मग त्याने कोपरा मुठीत चुरगाळून कानाशी धरला. नवं कापड कडकड वाजतं, थकलेलं मऊ आणि मुकं होतं. मेनसेल वाजलं, जेनोआ नाही. काका स्वतःच म्हणाले, "जेनोआचे दोन हंगाम उरलेत, त्याहून जास्त सांगणार नाही."

हे काकांचं धोरणच होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. त्यांची एक जाड वही होती. इंजिनचे तास, ऑइल कधी बदललं, पंपाचा इम्पेलर कधी बदलला, तळाला रंग कधी दिला, सगळं तारीखवार. पण त्याच वहीत रेवस खाडीच्या तोंडाशी तळाची कील चिखलात रुतल्याची नोंद होती, पुढच्या हॅचमधून दोन पावसाळे पाणी गळत असल्याची होती, शाफ्टचं पॅकिंग चुकीचं भरल्याचीही होती. ज्या वहीत नुसती चांगलीच कामं लिहिलेली असतात ती वही विक्रीसाठी लिहिलेली असते. अनुभवी गिऱ्हाईक ती मिटून ठेवतं.

कागदांचा गठ्ठा वेगळा. नोंदणी, विम्याची पत्रं, जुने सर्व्हे आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. परदेशी बांधणीची बोट आपल्याकडे आणताना ड्यूटी भरली होती याचा तो पुरावा. तो नसेल तर बोट कितीही देखणी असो, घेणारा एका संकटाचा मालक होतो. एक गिऱ्हाईक फक्त हा कागद पाहून निर्धास्त झालं, आणि पुढे आलंच नाही. असंही होतं.

न विकल्या गेलेल्या सुहैली या बोटीची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश जहाजी अधिकाऱ्याने मुंबईत, इथल्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतलेली ही 32 फुटी बोट डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून पाण्यात उतरली. तीच घेऊन तो इंग्लंडला गेला. तिथे एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची तर नवी, मोठी, पोलादी बोट हवी असं त्याला वाटत होतं, आणि त्यासाठी सुहैली विकायची त्याची तयारी होती. पैसा उभा राहिला नाही, सुहैलीही विकली गेली नाही. मग 14 जून 1968 ला तो तीच बोट घेऊन फाल्मथहून निघाला. वाटेत तळाची फट गळायला लागली तेव्हा पाण्यात बुड्या मारून ती त्याने स्वतःच बुजवली. आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं, रेडिओ बंद पडला. 22 एप्रिल 1969 ला तो परत पोचला. एकट्याने प्रदक्षिणा करायच्या या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा तो एकटाच. नवी बोट कदाचित वेगाने गेली असती. पण सुहैली कुठे गळू शकते हे त्याला माहीत होतं, आणि ही माहिती कुठल्याही बिल ऑफ सेलवर लिहून देता येत नाही.

मार्चच्या उधाणाला, पुढच्या गिऱ्हाइकासाठी, काकांची बोट बाहेर काढली. मुंबईच्या बंदरात पौर्णिमा-अमावास्येला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो. त्या चढत्या पाण्यावर खाडीतल्या यार्डात बोट ट्रॉलीवर घ्यायची. भांगाचं पाणी असेल तर कील टेकते आणि सगळे बसून राहतात. पाणी उतरलं तसा तळ उघडा पडला. शेवाळ, प्रोपेलरवर बार्नेकलचे गठ्ठे. पोरांनी पत्र्याने खरवडून काढलं, पाण्याचा फवारा मारला. मग सर्व्हेअर आला. हातात प्लास्टिकची हातोडी. माठ घेताना बोटाने वाजवून बघतात तसा तो इंच-इंच तळ वाजवत गेला. टण्, टण्, टण्. जिथे आवाज भद्द येतो तिथे फायबरचे थर सुटलेले असतात किंवा आत पाणी शिरलेलं असतं. फायबरची बोट गंजत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की वरच्या थरातून पाणी झिरपतं, आतल्या राळेतल्या उरल्यासुरल्या रसायनांत मिसळतं आणि फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काकांच्या बोटीला सुकाणूपाशी असे थोडे फोड निघाले. सर्व्हेअरने खडूने वर्तुळं काढली. काकांनी वही उघडून दाखवली: मागच्या वेळीही तिथेच होते, वाढलेले नाहीत.

मला सगळ्यांत आवडली ती जस्ताची तपासणी. प्रोपेलरच्या शाफ्टला जस्ताचा तुकडा लावतात. खाऱ्या पाण्यात धातू झिजायचाच, तर तो स्वस्तातला झिजावा म्हणून. आमच्या तुकड्याला भोकं पडली होती, अर्धा खाल्लेला. मी मनात म्हटलं, गेलं. सर्व्हेअर मात्र खूश. जस्त नवंकोरं दिसलं असतं तर जोडणीच तुटलेली आहे आणि त्याऐवजी दुसरंच काही झिजतंय असा त्याचा अर्थ झाला असता.

कील आणि बोटीच्या सांध्यात फट नव्हती. तळाला पाणी घेणारे-सोडणारे सगळे व्हॉल्व्ह त्याने एकेक करून फिरवले. एक अडला, तो लिहिला गेला. डोलकाठीच्या तारांवरून कापूस फिरवला, कारण तुटलेली एखादी तारही कापूस पकडते. स्टीलवर डेकपाशी तपकिरी ओघळ दिसला तिथे तो जास्त वेळ थांबला. स्टेनलेस स्टील हवेत चमकतं, पण जिथे हवा पोचत नाही आणि ओल राहते तिथे आतून खाल्लं जातं. दिवसाअखेरी अहवालात पानभर दोष होते. अहवाल वाचून काकांचा चेहरा पडला नाही, गिऱ्हाइकाचा पडला. पहिल्यांदा बोट घेणाऱ्यांचं हे नेहमीचं. दोष नसलेला अहवाल म्हणजे न पाहिलेली बोट, हे त्याला समजावायला सर्व्हेअरलाच चहा प्यावा लागला.

समुद्रावरची चाचणी दुपारी, खारा वारा सुटल्यावर. सकाळचा मतलई वारा मंदावला की मधे समुद्र तासभर आळसावतो. त्या वेळेत इंजिन. गिऱ्हाइकाने आधी इंजिनवर हात ठेवला. विकणारे कधी कधी आधीच चालू करून गरम ठेवतात, म्हणजे सुरू व्हायला त्रास नको. गार होतं. दुसऱ्या चावीला लागलं, धूर जरा पांढरा आला आणि विरला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंजिनवर ताण. प्राँग्ज दीपस्तंभाच्या अलीकडे शिडं चढली, इंजिन बंद झालं आणि बोट एका कुशीवर झुकली. काका बोलायचे थांबले. सुकाणू गिऱ्हाइकाच्या हातात होतं.

इथपर्यंतचं सगळं जगात कुठेही असंच होतं. आपल्याकडचा खरा सौदा यानंतर सुरू झाला, आणि तो तांडेलाचा होता. करंजाचे हे गृहस्थ कित्येक वर्षं बोट सांभाळत होते. बोयाला बांधलेल्या बोटीला रोज कोणीतरी जाऊन पाहावं लागतं: दोर घासलाय का, आत पाणी किती, बॅटरी जिवंत आहे का. जून लागण्याआधी ती बाहेर काढून झाकावी लागते. चाचणीच्या दिवशी ते गिऱ्हाइकाला सांगत होते, "सायेब, या पंपाचा बटण आठवड्याला एकदा दाबायचा, नायतर चिकटतो." गिऱ्हाइकाने किंमत विचारायच्या आधी काकांना विचारलं, "हे येतील ना माझ्याकडे?"

काका म्हणाले, "त्यांनाच विचारा. बोट माझी आहे, ते नाहीत."

तांडेलांनी पगार विचारला, पावसाळ्याच्या महिन्यांचंही मिळणार का विचारलं, आणि पोराला खलाशी म्हणून घ्याल का तेही विचारलं. हे ठरलं तेव्हाच बोट ठरली. काकांनी मनाशी धरलेल्या आकड्यापेक्षा रक्कम बरीच कमी होती. नवं रिगिंग, नवी बॅटरी, रंग यांवर केलेला खर्च किमतीत फारच थोडा परत येतो. माझ्या मते याचं दुःख करण्यात अर्थ नाही. नीट सांभाळलेल्या बोटीला भाव जास्त मिळत नाही, ती फक्त लवकर विकली जाते.

जुन्या बोटीने लांब जाता येत नाही असं मात्र समजू नका. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्सनी इंग्लंडमध्ये फिनलंडच्या बांधणीची 37 फुटी जुनी बोट घेतली, तिचं नाव तृष्णा ठेवलं, आणि सप्टेंबर 1985 मध्ये निघून जानेवारी 1987 मध्ये ती जगाला वळसा घालून मुंबईत आणली. भारतीयांची ती पहिली शिडाची पृथ्वीप्रदक्षिणा. अभिलाष टॉमी 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले तेही जुनी रस्टलर 36 नव्याने सज्ज करून, आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.

तेव्हा कोणाला घ्यायची असेल तर एवढं करा. पाण्याबाहेर पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. इंजिन गार असताना पोचा. मेमध्ये घाईला आलेल्या मालकाकडून स्वस्त मिळते हे खरं, पण पावसाळ्यात ती ठेवणार कुठे ते आधी ठरवा. आणि मालकाशी बोलून झालं की तांडेलाशी वेगळं बसून बोला. चहा तुम्ही पाजा.