फोन घराचा, आयडी पोरांची

माझ्या सातवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नाही. फोन वडिलांचा, नाहीतर थोरल्या भावाचा. संध्याकाळी वडील रानातून आले की तो पोरांच्या हातात येतो आणि आईच्या भाकरी होईपर्यंत तिथंच राहतो. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. ‘पाल्याच्या मोबाइलवर लक्ष ठेवा’ असं सांगणारी पत्रकं शाळेत येतात, ती मी वाचून दाखवते. पण ती ज्या घरासाठी लिहिलेली असतात, त्या घरात मुलाचा फोन वेगळा असतो. आमच्याकडे फोन घराचा आणि त्यात ‘आयडी’ पोरांची. इन्स्टाग्रामच्या खात्याला मुलं आयडीच म्हणतात.

यातून एक गोष्ट घडते, जी पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालच्या मुलांना खातं काढता येत नाही, म्हणून मुलं जन्मसाल बदलतात. पुष्कळदा वडिलांचंच घालतात. मग कंपनीच्या लेखी बारा वर्षांची मुलगी चाळिशीतला माणूस ठरते. खातं आपोआप खासगी राहणं, अनोळखी मोठ्या माणसाचे मेसेज अडवले जाणं, ही अल्पवयीनांसाठी केलेली व्यवस्था तिला मिळतच नाही. जन्मसाल हा फॉर्ममधला किरकोळ रकाना नाही, हे मी पालकसभेत दर वेळी सांगते.

ग्रामीण मुलांच्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांना एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ठाऊक होतं, आणि आपलं खातं खासगी कसं करायचं हे सुमारे ५५ टक्क्यांना. उरलेल्यांना आपल्याच दाराला आतून कडी घालता येत नाही. फळ्यावर लिहून हे शिकवता येत नाही, फोन हातात घेऊन बोटांनी करावं लागतं. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर ज्या पालकांना जमेल त्यांना मी फोन घेऊन थांबायला सांगते. मुलगा दाखवतो, आई करते. हे उलटं होऊ नये असं मला वाटतं, कारण मुलांना येतंच, आईला आपण करू शकतो हे कळायला हवं.

शाळेच्या बाजूचंही बोललं पाहिजे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत वर्गावर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघाले आणि ते आजही चालू आहेत. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कुणाच्या थोरल्या भावाचे मित्र तो फोन हाताळतात हे आम्हाला माहीत नसतं. स्पर्धेत नंबर आलेल्या मुलीचा फोटो, खाली पूर्ण नाव, इयत्ता, गाव, हे कौतुकानं टाकलं जातं. अनोळखी माणसाला ओळख काढायला एवढं पुरतं. आता आमच्या ग्रुपवर फक्त शिक्षक मेसेज टाकतात, फोटो समूहाचे असतात आणि त्याखाली नावं नसतात. आधार क्रमांकांची यादी तर कधीच टाकायची नाही. ही अतिकाळजी वाटेल, पण सरकारी ‘दीक्षा’ अॅपची लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. शाळांनी त्या कायद्याच्या अंमलाची वाट कशाला पाहायची?

सगळ्यात अवघड वेळ येते ती मुलीचा फोटो फिरल्यावर. कधी तिनं विश्वासानं पाठवलेला असतो, कधी स्टेटसवरचा साधा फोटो उचलून एआयवर बिघडवलेला. अशी मुलगी समोर येते तेव्हा तिचं पहिलं वाक्य फोटोबद्दल नसतं. ती म्हणते, “बाई, घरी सांगू नका, माझी शाळा बंद करतील.” तिची भीती खरी असते. फोन काढून घेतील, घराबाहेर पडू देणार नाहीत, दहावीच्या आधीच स्थळं बघायला लागतील. धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचं सगळं बळ त्यातच आहे. म्हणून जूनच्या पहिल्या पालकसभेत मी आयाबापांकडून एकच शब्द मागते: पोरीनं काही सांगितलं तर शाळा सुटणार नाही. हा शब्द मिळालेल्या घरातली मुलगी लवकर सांगते, आणि अशा प्रकरणात लवकर कळणं फार मोलाचं असतं.

आम्हा शिक्षकांची वाट कायद्यानं आखून दिली आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘गावातच मिटवू’ म्हणणारी मंडळी दारात येतात. त्यांना हे कलम सांगायचं, ताठ मानेनं सांगायचं.

आणि तो फोटो पुरावा म्हणून कुणालाही पाठवायचा नाही. मुख्याध्यापकांना नाही, केंद्रप्रमुखांना नाही, ग्रुपवर तर नाहीच. मुलांची लैंगिक चित्रं पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर असा मजकूर फोनमध्ये बाळगणंही गुन्हा ठरू शकतं हे स्पष्ट केलं. खात्याचं नाव, लिंक, वेळ वहीत लिहायची, धमकीचे मेसेज न पुसता ठेवायचे, फोन पोलिसांना दाखवायचा.

एक मार्ग मात्र आमच्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. ‘टेक इट डाउन’ नावाची अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा आहे, १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी. फोटो फोनमधून बाहेर जातच नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो त्यांच्याकडे चढला तर ओळखून काढता येतो. नाव द्यावं लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या बंद ग्रुपमध्ये फिरणारा फोटो मात्र यात सापडत नाही, तिथं पोलीसच लागतात. मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग, आणि गेममध्ये किंवा लिंकवर बापाच्या खात्यातले पैसे गेले तर लगेच १९३०. हे तीन दुवे आम्ही वर्गाच्या दाराआड लिहिले आहेत, कुणी पाहत नसताना मुलाला वाचता यावेत म्हणून.

फोनच काही वेळ बंद ठेवणं हाही एक उपाय सांगितला जातो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास फोन, टीव्ही बंद ठेवतात. २०२२ मध्ये ते गाव गाजलं. अभ्यासासाठी हे चांगलंच. पण साडेआठनंतर फोन परत हातात येतो, तेव्हाचं शिकवणं शाळेकडे आणि घराकडे उरतंच.

राज्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. पेटीत चिठ्ठी टाकताना मुलीला कुणीतरी पाहतंच, आणि समितीतल्या माणसांना इन्स्टाची तक्रार कशी करायची हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून माझी मागणी आहे की दर केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक द्या, चार गावं फिरणारी का असेना. तोवर पुढच्या पालकसभेला सगळ्यांनी फोन घेऊन यायचं ठरलं आहे. आधी प्रत्येक आयडीवरचं जन्मसाल बघायचं, मग पुढचं.